मापाडी आणि अडत्या: डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या मध्यवर्ती भांडारांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर एखादे नवे सॉफ्टवेअर बसवायचे असेल, तर आज आपल्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला, निर्मात्याच्या संकेतस्थळावर जाऊन फाइल उतरवून घेणे. दुसरा, ऑपरेटिंग सिस्टीमसोबत आलेल्या दुकानातून ते घेणे. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा मॅक अॅप स्टोअर. तिसरा, लिनक्स वापरत असाल तर त्याच्या पॅकेज भांडारातून ते बसवणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात एक गोष्ट समान आहे. सगळा माल एका ठिकाणी मांडलेला असतो, कोणीतरी तो आधी तपासलेला असतो आणि नवी आवृत्ती आली की ती आपोआप आपल्यापर्यंत पोहोचते. अशा व्यवस्थेला या टिपणात आपण 'मध्यवर्ती भांडार' म्हणू.

या भांडारांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. सुरक्षिततेसाठी सगळे सॉफ्टवेअर भांडारातूनच यावे, असे एक मत. भांडार म्हणजे कंपन्यांनी उभारलेला टोलनाका, असे दुसरे मत. दोन्ही मते अर्धी खरी आहेत, कारण भांडार एकाच वेळी तीन वेगळी कामे करते आणि मते मांडणारे बहुधा त्यांतले एकच काम पाहतात. ही तीन कामे वेगळी करून दाखवणे आणि प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा करणे हा या टिपणाचा हेतू आहे.

उदाहरणे मुख्यतः चेन्नईची घेतली आहेत. भारतात या विषयाच्या तिन्ही बाजू त्या एका शहरात भेटतात. सरकारी खर्चाने तयार झालेले लिनक्सचे भांडार तिथले आहे, सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी कराविरुद्ध लढवलेला खटला तिथल्या उच्च न्यायालयातला आहे आणि मोबाइल भांडाराच्या कमिशनविरुद्ध न्यायालयात गेलेली एक मोठी भारतीय कंपनीही तिथलीच आहे.

२. तीन कामे: मार्केट यार्डाचा दाखला

शेतमालाच्या मार्केट यार्डाचा व्यवहार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथे मापाडी माल तोलतो. वजन बरोबर आहे याची खात्री देणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल तोलाई घेतली जाते. अडत्या मालाची विक्री करून देतो आणि अडत घेतो. तिसरी गोष्ट कायद्यातून येते: नियमनाखालचा माल बाजार समितीच्या आवारातच विकला पाहिजे. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा कायदा १९६३ चा आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला. त्या वेळी झालेला वाद आठवून पाहा. मापाडी नको, असे कोणी म्हणत नव्हते. वाद अडत कोणी भरायची आणि आवाराबाहेर विकायची मुभा असावी की नाही, यांवर होता.

सॉफ्टवेअरच्या भांडारातही हीच तीन कामे असतात.

(अ) तपासणी: पॅकेज खरोखर त्याच निर्मात्याचे आहे का, वाटेत कोणी त्यात बदल केला आहे का, त्यात घातक काही आहे का, हे पाहणे. हे मापाड्याचे काम.

(आ) विक्री: किंमत घेणे, पावती देणे, पैसे निर्मात्याकडे पोहोचवणे आणि त्यातून कमिशन कापणे. हे अडत्याचे काम.

(इ) सक्ती: या आवाराबाहेरून सॉफ्टवेअर बसवू न देणे, किंवा ते बसवणे मुद्दाम अवघड करणे.

पुढे कोणत्याही भांडाराबद्दल वाचताना आधी हा प्रश्न विचारा: चर्चा या तिघांपैकी कशाची चालली आहे? सक्तीचे समर्थन बहुतेक वेळा तपासणीचे नाव पुढे करून केले जाते. ही सरमिसळ ओळखता आली तर या विषयातला अर्धा गोंधळ संपतो.

३. भांडारापूर्वीची स्थिती

चेन्नईत अण्णा सालईलगतची रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस: भारतीय ग्राहकाची डेस्कटॉप सॉफ्टवेअरशी पहिली ओळख दीर्घकाळ अशाच बाजारांत झाली. पेटीत सीडी, सोबत परवान्याचा क्रमांक, आणि ज्याला ते परवडत नसे त्याच्यासाठी शेजारीच चोरटी प्रत. या व्यवस्थेत मापाडी नव्हता. सीडीवर मूळ सॉफ्टवेअरच आहे की त्यासोबत विषाणूही आला आहे, हे घरी जाऊन संगणक बिघडल्यावरच कळायचे.

सरकारनेही या काळात सीडीचाच मार्ग धरला होता. भारतीय भाषांचे फाँट आणि लेखनसाधने मोफत देण्याचा केंद्र सरकारचा उपक्रम एप्रिल २००५ मध्ये तमिळच्या सीडीने सुरू झाला. मराठीसह इतर भाषांच्या सीडी त्यापाठोपाठ आल्या. हेतू चांगला होता. मात्र सीडी ज्या दिवशी छापली जाते त्या दिवशीच तिच्यातला मजकूर गोठतो. फाँटमधले एखादे जोडाक्षर चुकीचे उमटत असेल आणि ती चूक नंतर दुरुस्त झाली, तरी आधी वाटलेल्या प्रतींपर्यंत ती दुरुस्ती पोहोचण्याची सोय नव्हती. मध्यवर्ती भांडाराचे खरे मोल इथे दिसते. दुरुस्ती एकदा करायची आणि ती प्रत्येक संगणकापर्यंत आपोआप जायची, हे सीडीला किंवा पेटीला कधीच जमले नाही.

४. पैसे न घेणारे भांडार: डेबियन ते बॉस

मध्यवर्ती भांडाराची कल्पना मोबाइलमधून आली, असा एक समज आहे. डेस्कटॉपवर ती त्याहून जुनी आहे. डेबियन या लिनक्सच्या मार्च १९९९ मधल्या आवृत्तीत 'अॅप्ट' हे साधन अधिकृतपणे आले. पॅकेजचे नाव सांगितले की ते आणि त्याला लागणारी इतर सगळी पॅकेजे भांडारातून आणून बसवणे, हे त्याचे काम. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या भांडारात ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती.

यातली तपासणी कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण पुढचा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. भांडारातील प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, एका यादीत नोंदवलेला असतो. त्या यादीवर भांडार चालवणाऱ्यांची डिजिटल सही असते. तुमच्या संगणकावर ती सही पडताळण्याची किल्ली आधीपासून असते. पॅकेज उतरल्यावर त्याचा ठसा यादीतील ठशाशी जुळला नाही, तर संगणक ते बसवायला नकार देतो.

याचा परिणाम महत्त्वाचा आहे. विश्वास सहीवर असल्यामुळे माल कुठून आला याला फारसे महत्त्व उरत नाही. मूळ सर्व्हर, दुसऱ्या देशातील त्याची प्रत, वसतिगृहातील एखादा जुना संगणक, अगदी पेन ड्राइव्हसुद्धा चालतो. ज्या महाविद्यालयात इंटरनेट दिवसातून दोन तासच धड चालते, तिथे भांडाराची पूर्ण प्रत एकदा आणून ठेवता येते आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक तिच्यावर चालवता येतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय संगणकावर भांडारांची यादी असलेली एक साधी फाइल असते. तिच्यात आणखी एक ओळ लिहिली की दुसरे भांडार जोडले जाते. थोडक्यात, इथे मापाडी आहे आणि आवाराची सक्ती नाही.

याच पायावर चेन्नईत एक प्रयोग झाला. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन केले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र त्यात भागीदार होते. त्यातून 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स', म्हणजे बॉस लिनक्स, तयार झाले. बॉस डेबियनवर बेतलेले आहे, म्हणून त्याचे भांडारही डेबियनच्याच पद्धतीचे आहे. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले, तेव्हा विंडोजच्या जोडीला बॉसही दिले गेले. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला अपडेट देणे थांबवले. त्या सुमारास राज्य सरकारने आपल्या खात्यांना बॉसकडे वळण्यास सांगितले. या शेवटच्या घटनेतला धडा असा की, अपडेट थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तोच तुमचा संगणक कधी जुना झाला हे ठरवतो.

मात्र बॉसकडे केवळ अभिमानाने पाहून चालणार नाही. भांडार उघडे ठेवणे सोपे असते, ते चालते ठेवणे अवघड असते. डेबियनमध्ये एखादी सुरक्षा-दुरुस्ती झाली की ती बॉसच्या भांडारातही यायला हवी, आणि त्यासाठी रोज लक्ष घालणारी माणसे हवीत. दुसरे असे की, ज्या सॉफ्टवेअरची मुक्त आवृत्तीच अस्तित्वात नाही ते अशा भांडारात येणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हिशेबासाठी टॅली लागणाऱ्या कार्यालयाला किंवा जुन्या फाँटमध्ये वर्षानुवर्षांचे काम साठलेल्या मराठी छापखान्याला भांडारातील हजारो मोफत पॅकेजे दाखवून उपयोग नसतो. त्याला हवे असलेले एकच सॉफ्टवेअर तिथे नसते.

५. विकणारी भांडारे

डेस्कटॉप सॉफ्टवेअर विकणाऱ्या भांडारांचा क्रम थोडक्यात असा आहे. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले आणि पुढे खेळांची सर्वांत मोठी बाजारपेठ बनले. उबंटूचे सॉफ्टवेअर सेंटर ऑक्टोबर २००९ मध्ये आले आणि वर्षभराने त्यात विकतची सॉफ्टवेअरेही आली. मॅक अॅप स्टोअर ६ जानेवारी २०११ रोजी उघडले. मायक्रोसॉफ्टचे स्टोअर विंडोज ८ सोबत ऑक्टोबर २०१२ मध्ये आले.

यांपैकी मायक्रोसॉफ्टचा अनुभव बोलका आहे. सुरुवातीला या दुकानात फक्त नव्या धाटणीची अॅप्स विकली जात. लोक रोज वापरत असलेल्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमची नुसती नोंद ठेवली जाई आणि खरेदीसाठी निर्मात्याच्या संकेतस्थळाकडे बोट दाखवले जाई. म्हणजे ग्राहकाला हवा असलेला माल दुकानात नव्हताच. २०१७ मध्ये कंपनीने 'विंडोज १० एस' काढले. त्यावर स्टोअरमधलीच अॅप्स चालत. त्यातून बाहेर पडता येत असे, पण पुढे आलेल्या 'एस मोड'मध्ये एकदा बाहेर पडल्यावर परत जाण्याची सोय नव्हती. सक्तीचा हा प्रयोग डेस्कटॉपवर रुजला नाही. शेवटी २०२१ मध्ये विंडोज ११ च्या वेळी कंपनीने जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमनाही दार उघडले. खेळ वगळता इतर अॅप्सनी स्वतःची पैसे घेण्याची व्यवस्था वापरली, तर कमिशनही सोडून दिले.

हे औदार्य कुठून आले? विंडोजवर दुसरे दार नेहमीच उघडे होते. निर्माता आपल्या संकेतस्थळावरून विकू शकत होता, म्हणून दुकानाला स्वतःची उपयुक्तता सिद्ध करावी लागली. खेळांच्या बाजारातही हेच दिसते. स्टीमचे कमिशन वर्षानुवर्षे ३० टक्के होते. २०१८ च्या अखेरीस स्टीमने मोठ्या विक्रीच्या खेळांसाठी ते टप्प्याटप्प्याने कमी केले आणि त्याच सुमारास एपिकने १२ टक्के कमिशनचे दुकान उघडले. अडत कमी व्हायची असेल, तर शेजारी दुसरा अडत्या असावा लागतो.

६. 'विकत घेतले' म्हणजे नेमके काय घेतले?

हा प्रश्न भारतात सर्वांत स्पष्टपणे चेन्नईतच विचारला गेला. सॉफ्टवेअर ही वस्तू मानायची की सेवा? वस्तू असेल तर विक्रीकर, सेवा असेल तर सेवाकर. तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या संघटनेने, इन्फोटेक सॉफ्टवेअर डीलर्स असोसिएशनने, सेवाकराला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑगस्ट २०१० च्या निकालात न्यायालयाने सॉफ्टवेअर ही वस्तू आहे हे मान्य केले. त्याचबरोबर प्रत्येक व्यवहार ही विक्रीच असते असे नाही, ग्राहकाशी झालेल्या करारात काय लिहिले आहे त्यावर ते अवलंबून आहे, असे म्हणून सेवाकराची तरतूद वैध ठरवली.

पुढे पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सीडी आणि सोबत परवान्याची किल्ली, अशा स्वरूपात विकलेले अँटिव्हायरस ही सेवा आहे असे कर खात्याचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

करापुरता हा वाद १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीनंतर बराच बोथट झाला. ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न मात्र तसाच उरला. सीडीच्या काळात निदान हातात काहीतरी राहत होते. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती खराब होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत काढून ठेवण्याची मुभा भारताच्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. ऑनलाइन दुकानातल्या खरेदीत परवाना तुमच्या खात्याला बांधलेला असतो. राखीव प्रत काढलीत तरी खाते बंद झाल्यावर ती चालेलच याची खात्री नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅक अॅप स्टोअरच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. त्यामुळे पैसे देऊन घेतलेली अनेक अॅप्स उघडेनात, आणि ग्राहकांना ती 'खराब' झाल्याचा संदेश दिसू लागला. अॅप्स ठीक होती, दुकानाची सही शिळी झाली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या स्टोअरमधला ई-पुस्तकांचा विभाग बंद केला. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके वाचता येईनाशी झाली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानात पुस्तकाचे जे झाले ते सॉफ्टवेअरचेही होऊ शकते. 'खरेदी करा' या बटणामागचा व्यवहार पुष्कळदा भाडेपट्ट्याच्या जवळचा असतो आणि भाड्याची मुदत कुठे लिहिलेली नसते.

७. सक्ती पूर्ण झाली की: मोबाइलचा इशारा

डेस्कटॉपवर अजून दुसरे दार उघडे आहे. ते मिटले तर काय होते, हे मोबाइलवर पाहता येते. त्याचेही मुख्य उदाहरण चेन्नईचेच आहे.

भारत मॅट्रिमनी चालवणारी मॅट्रिमनी डॉट कॉम ही चेन्नईची कंपनी. गूगल प्लेमधून घेतलेल्या अॅपच्या आत होणाऱ्या खरेदीवर गूगल साधारण १५ ते ३० टक्के कमिशन घेत असे, आणि पैसे गूगलच्याच यंत्रणेतून घ्यावे लागत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या सक्तीबद्दल गूगलला दंड केला. त्यानंतर गूगलने पर्यायी व्यवस्थेची मुभा दिली. मात्र तिच्यातही ११ ते २६ टक्के कमिशन ठेवले. म्हणजे पैसे घेण्याचे काम तुम्हीच करायचे आणि अडत तरीही भरायची. मॅट्रिमनीसह काही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. हा विषय स्पर्धा आयोगाच्या अधिकारातला आहे, या मुद्द्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे दावे फेटाळले गेले. जानेवारी २०२४ मध्ये अपिलातही तेच झाले. १ मार्च २०२४ रोजी गूगलने भारत मॅट्रिमनीसह काही भारतीय अॅप्स प्लेवरून काढून टाकली. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती काही दिवसांत परत आली.

कमिशन योग्य होते की अयोग्य, हा वेगळा प्रश्न आहे. भांडार उभारायला आणि चालवायला खर्च येतो, हे गूगलचे म्हणणेही विचारात घ्यावे लागेल. मात्र रचना काय सांगते ते पाहा. तंट्यातील एका पक्षाच्या हाती दुसऱ्या पक्षाचे दुकान एका दिवसात बंद करण्याची ताकद होती. अॅपमध्ये विषाणू सापडला म्हणून हे घडलेले नाही, ते पैशाच्या वादातून घडले. तपासणीसाठी दिलेला अधिकार वसुलीसाठी वापरता आला, कारण दोन्ही अधिकार एकाच हातात होते.

८. तपासणी खरोखर किती होते?

सक्तीच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा सुरक्षिततेचा आहे. त्याची परीक्षा करू.

मे २०१८ मध्ये उबंटूच्या स्नॅप स्टोअरमध्ये ठेवलेल्या एका साध्या खेळाच्या आत आभासी चलन खणणारा छुपा प्रोग्रॅम सापडला. २०२३ मध्ये त्याच दुकानात चलनाच्या पाकिटांची बनावट अॅप्स आढळली आणि काही काळ नव्या नोंदी माणसांकडून तपासाव्या लागल्या. स्नॅपचे दुकान एकच आहे आणि ते कॅनॉनिकल कंपनी चालवते. एकच दुकान असल्यामुळे माल शुद्ध राहतो, हे गृहीतक इथे टिकले नाही. उलट, याच एकाधिकाराला आक्षेप घेऊन लिनक्स मिंटने २०२० मध्ये आपल्या आवृत्तीत स्नॅप मुळातच बंद ठेवले.

खुली भांडारेही निर्दोष नाहीत. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. तो डेबियनच्या चाचणीतील आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता, स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र नाही. डिजिटल सही हे पॅकेज वाटेत बदलले गेले नाही एवढेच सांगते. मुळातच दगा असेल तर सही तो पकडू शकत नाही. तो पकडला गेला, कारण मूळ संहिता आणि पॅकेज दोन्ही तपासणे कोणालाही शक्य होते.

तपासणीची एक किंमतही असते. मॅक अॅप स्टोअरने जून २०१२ पासून प्रत्येक नव्या अॅपला बंदिस्त कुंपणात चालण्याची अट घातली. सुरक्षेसाठी ती योग्य होती. मात्र फाइल्सवर मोकळेपणाने काम करणाऱ्या साधनांची त्यात घुसमट झाली. बीबीएडिट हा जुना मजकूर-संपादक २०१४ मध्ये दुकानातून बाहेर पडला आणि २०१९ मध्ये परतला. २०१५ च्या अखेरीस स्केच हे चित्रसाधनही बाहेर पडले. तरीही मॅकचे वापरकर्ते ही दोन्ही साधने वापरत राहिले, कारण निर्माते ती थेट विकू शकत होते.

इथे अॅपलने नकळत एक चांगले उदाहरण घालून दिले. मॅकवर दुकानाबाहेरून वाटलेले अॅपही निर्मात्याने अॅपलकडे पाठवायचे, ते यंत्राने तपासले जायचे आणि त्यावर शिक्का मिळायचा, अशी पद्धत २०१९ पासून रूढ झाली. त्यासाठी विकासकाला वार्षिक शुल्क भरावे लागते, पण विक्रीवर कमिशन लागत नाही. मापाडी अडत्यापासून वेगळा करता येतो, याचा हा पुरावा आहे, आणि तो दुकान चालवणाऱ्या कंपनीनेच दिलेला आहे.

९. खुल्या भांडाराची उणीव

आतापर्यंतचे वाचून तुम्हाला वाटेल की, डेबियनच्या पद्धतीत सगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. तसे नाही. त्या पद्धतीत मापाडी उत्तम आहे, पण अडत्या नाहीच. ज्याने सॉफ्टवेअर लिहिले त्याला पैसे कसे मिळायचे, याचे उत्तर तिथे नाही. उबंटूने सॉफ्टवेअर सेंटरमधून विक्री करून पाहिली. ते दुकान पुढे टिकले नाही आणि एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत त्याची जागा दुसऱ्या साधनाने घेतली. मदुराई किंवा सोलापूरच्या एखाद्या विकासकाने आपल्या भाषेसाठी शुद्धलेखन तपासणारे उत्तम साधन केले, तर बॉसच्या भांडारात ते देता येईल, पण त्याच्या श्रमाचे मोल तिथून येणार नाही. मग तो कमिशन देऊन मोठ्या दुकानात जाईल, किंवा साधन करणेच सोडून देईल. भारतीय भाषांसाठी ही हानी मोठी आहे, कारण त्यांची बाजारपेठ लहान आणि विकासक थोडे.

यावर एकच तयार उपाय नाही, पण वाटा दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या 'विनगेट' या साधनात यादी मध्यवर्ती असते आणि फाइल बहुधा निर्मात्याच्याच ठिकाणाहून येते. फ्लॅटपॅक पद्धतीत कोणालाही स्वतःचे भांडार उभारून ते वापरकर्त्याच्या यादीत जोडता येते. संस्थांच्या पातळीवर झोहो या चेन्नईच्याच कंपनीच्या मॅनेजइंजिन विभागाचे एंडपॉइंट सेंट्रल आहे. त्यातून संगणकव्यवस्थापक आपल्या कर्मचाऱ्यांसाठी निवडक सॉफ्टवेअरची स्वतःची मांडणी करू शकतो. या तिन्हींमध्ये यादी एकत्र आहे आणि दारे अनेक आहेत.

१०. परीक्षेचे निकष

कोणत्याही भांडाराचे मूल्यमापन करताना पुढील पाच प्रश्न विचारा.

१. या भांडाराशेजारी दुसरे भांडार जोडता येते का? जोडल्यास प्रणाली विनाकारण भीती घालते का?
२. तपासणीची पद्धत बाहेरच्या व्यक्तीला पडताळता येते का?
३. भांडार उद्या बंद झाले, तर आज घेतलेले सॉफ्टवेअर चालत राहील का?
४. निर्मात्याला मोबदला मिळण्याची सोय आहे का? कमिशन नाकारून तो ग्राहकापर्यंत पोहोचू शकतो का?
५. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत भांडाराची प्रत ठेवता येते का?

डेबियन आणि बॉस पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाला उतरतात. चौथ्याच्या पहिल्या अर्ध्यात अडखळतात. व्यापारी दुकाने चौथ्याच्या पहिल्या अर्ध्यात पुढे आहेत. तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नात कमी पडतात. पहिला प्रश्न मात्र इतर चारांच्या वरचा आहे. दुसरे दार उघडे असेल, तर बाकीच्या उणिवांवर इलाज शोधता येतो. ते मिटले तर भांडार कितीही चांगले असो, त्याचा चांगुलपणा मालकाच्या मर्जीवर उरतो.

११. सारांश

मध्यवर्ती भांडारामुळे सॉफ्टवेअर शोधणे, पडताळणे आणि अद्ययावत ठेवणे सोपे झाले. सीडीच्या काळाकडे परत जाण्यात शहाणपण नाही. तपासणी, विक्री आणि सक्ती ही तीन वेगळी कामे आहेत. तपासणीसाठी सक्ती आवश्यक नाही, हे डेबियनच्या सहीने दाखवले. तपासणीसाठी दुकानही आवश्यक नाही, हे मॅकच्या शिक्क्याने दाखवले. भांडार मध्यवर्ती असावे, एकमेव नसावे.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयातील एका संगणकावरील दहा सॉफ्टवेअर निवडा. प्रत्येक कोणत्या मार्गाने आले आणि त्याचे अपडेट कोण पाठवते, याची नोंद करा.
२. तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या एका अॅपचा करार वाचा. त्यात 'विक्री' म्हटले आहे की 'परवाना'? मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१० च्या भूमिकेशी त्याची तुलना करा.
३. "सुरक्षेसाठी सर्व डेस्कटॉप सॉफ्टवेअर एकाच भांडारातून यावे." या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे उदाहरणांसह लिहा.
४. भारतीय भाषांतील साधने करणाऱ्या विकासकांना मोबदला देणारे खुले भांडार कसे चालवता येईल? खर्च कोणी करावा आणि तपासणी कोणी करावी, हे स्पष्ट करा.